कोउमेची घुंगरमाळ आणि डॉक्टर शिदा

घोड्याच्या मनातलं ओळखणारं माणूस आमच्या अख्ख्या गावात एकच होतं, आणि ते म्हणजे मी! हे मला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतंय, कारण दुसरं कुणी सांगेना. मामंजींचा सगळा जन्म घोड्यांत गेला, नवरा तर चालायच्या आधी घोड्यावर बसला म्हणतात, पण अक्कल लागते ती लागतेच. मी शहरात, मोरिओकाला राहून शिकून आले होते. शिवणकाम शिकले होते, पण शिक्षण ते शिक्षण!

आमच्याकडे तेव्हा घोडं घरातच असायचं. घराच्या एका अंगाला आम्ही आणि काटकोनात वळलं की कोउमे. मी चुलीपाशी मिसोचं सार ढवळायला लागले की ती अर्ध्या भिंतीवरून मान काढून बघत राहायची. सार जळलं की सासूबाईंच्या आधी हिच्या नाकपुड्या फुगायच्या! कोउमे म्हणजे छोटंसं आलुबुखार. नाव ठेवलं तेव्हा असेल बाई छोटी. मी पाहिली तेव्हा ती दारात उभी राहिली की आत दिवा लावावा लागायचा.

आणि एवढं ते धूड, घाबरायचं कुणाला? तर डॉक्टर शिदांना!

डॉक्टर शिदा म्हणजे नुसती काडी. वारा सुटला की मोटारसायकल त्यांना धरून ठेवायची, ते तिला नव्हे. पण पुलावर त्या मोटारसायकलचं फटफट ऐकू आलं की कोउमेचे कान मागे. फिनेलचा वास आला की तोंड कोपऱ्यात आणि मागचा डोलारा दाराकडे. डॉक्टर मामंजींना म्हणायचे, "तोकुजीकाका, तुमच्या घोडीचं तोंड कसं आहे हे मला अजून माहीत नाही हो! मी तिला फक्त मागून ओळखतो."

एकदा तिने त्यांची टोपी खाल्ली. एकदा त्यांना सरळ शेणखताच्या ढिगात बसवलं, तेही नवी विजार घातलेली असताना. पण ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी जे झालं त्यावर कुणी हसलं नाही.

जूनमध्ये आमच्याकडे घोड्यांची मिरवणूक निघते. भाताची लावणी आटपली की घोडे नटवायचे, लाल-निळी झूल घालायची, अंगभर घंट्या बांधायच्या, पाठीवर पोरं बसवायची. डोंगरपायथ्याच्या देवळात देवाला नमस्कार करून तिथून थेट शहरापर्यंत चालत जायचं. चागु चागु, चागु चागु! तो आवाज ज्याने लहानपणी ऐकला त्याला तो मरेपर्यंत पुरतो. आता मी दुसऱ्याच, लांबच्या शहरात लेकीकडे राहते, लिफ्टने वरखाली करते, पण जून उजाडला की खिडकी उघडी ठेवते. ऐकू काही येत नाही, पण ठेवते.

तर मिरवणुकीत जायचं तर आधी घोड्याचं रक्त तपासलेलं असलं पाहिजे, असा नियम. आदल्या वर्षी डॉक्टर सुई घेऊन आले आणि कोउमे दाराचा आडणा छातीवर घेऊन पसार झाली! सापडली ती शेजाऱ्यांच्या भाताच्या रोपांत. रक्त मिळालं नाही आणि मिरवणूक हुकली.

त्या दिवशी मामंजी रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. अंगात मिरवणुकीचा निळा डगला. दुसऱ्यांचे घोडे समोरून चालले होते आणि ते बघत होते. मी त्यांना जेवायला बोलवायला गेले तर हातात कासरा! घोडी घरी आणि कासरा हातात. सवयीने घेऊन आले होते. मला इतकं कसंतरी झालं की मी हाक न मारता परत आले.

"सूनबाई," त्या हिवाळ्यात ते मला म्हणाले, "यंदा तरी एकदा कोउमेला धरून शहरापर्यंत जायचंय. पुढचं काही खरं नाही. गुडघे बोलायला लागलेत."

"गुडघे बोलत नाहीत, रडतात," आतून सासूबाई म्हणाल्या. रोज रात्री त्याच तेल चोळायच्या.

"मामंजी, तुम्ही काळजीच करू नका! कोउमेला मी तयार करते," मी म्हणाले.

"तू?" सासूबाई बाहेर आल्या. "तुला बघून कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात!"

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मोठ्या माणसांना विरोध होतोच.

मला उपाय सापडला तो वसंतात. मामंजींनी मिरवणुकीच्या सामानाची पेटी हवा द्यायला बाहेर काढली होती. झूल उन्हात टाकताना एक घंटी वाजली. नुसती एक! आणि आत कोउमेने काय केलं माहितीये? कान पुढे, मान ताठ, शेपटी झुलती, बघायला आलेल्या मंडळींसमोरच्या नवरीसारखी उभी! का नाही राहणार? घंट्या म्हणजे गाजरं, घंट्या म्हणजे शंभर माणसांचं कौतुक, घंट्या म्हणजे मामंजी आपल्या पेल्यातली साके, तांदळाची दारू हो, तिच्या ओठांना लावणार!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टर यायच्या वेळी हिला घंट्या बांधायच्या! हिला वाटेल सण आहे, डॉक्टर म्हणजे आलेला पाहुणा! झालं!

"मुळीच नाही!" सासूबाई कडाडल्या. "देवाच्या सणाचं सामान सुया टोचायला? अगं, देव काय म्हणेल?"

"देवाला मी सांगतो," मामंजी म्हणाले.

"काय सांगाल?"

"सांगतो, की सून शिकलेली आहे."

हे कौतुक होतं की काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही, पण परवानगी मिळाली.

डॉक्टरांना मी निरोप धाडला, की मोटारसायकल पुलापलीकडे ठेवा, चालत या, आणि हसत या. मी आणि यजमानांनी कोउमेला सगळा साज चढवला. मामंजी गळ्यातली मोठी घंटा हलवत उभे राहिले. माझी पाच वर्षांची सानाए पाठीवर बसली. चागु चागु! डॉक्टर हसत हसत आले. इतके हसत आले की मलाच भीती वाटली. पण कोउमे? हलली नाही हो! सुई आत, रक्त बाहेर, गाजर तोंडात!

डॉक्टरांनी तिचं तोंड पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, "अरे, देखणी आहे की ही!"

मामंजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी त्या दिवसापासून जमिनीवर चालत नव्हते! विहिरीवर, देवळात, भाताच्या बांधावर जी भेटेल तिला मी घोड्याचं मन समजावून सांगत होते. मिरवणुकीचे मुख्य ओइकावासाहेब, ज्यांच्यापुढे घोडेसुद्धा शिंकत नसत, त्यांच्या बायकोने मला घरी बोलावून चहा पाजला आणि विचारलं, "आमचा घोडा डॉक्टरांना चावतो, काय करू गं?"

"आधी त्याला समजून घ्या," मी म्हणाले. काय पण रुबाब होता माझा!

आता रक्त मिळालं होतं. तिथेच थांबायला हरकत नव्हती. पण इतकी वर्षं डॉक्टरांना हात लावू न दिल्यामुळे कोउमेच्या अंगात कामं साठली होती! खुरात पू झाला होता, तो काढायचा. दाढांना धारा आल्या होत्या, त्या कानशीने घासायच्या. जंत झाले होते. अधूनमधून ताप बघायचा, तो कुठून बघतात ते मी सांगत नाही. लांबच्या वाटेवर घोडी लंगडली तर मामंजींचं काय, म्हणून मीच डॉक्टरांच्या मागे लागले. सगळं करून टाका, म्हटलं!

मग काय, पूर्ण वसंतभर डॉक्टर येत राहिले आणि आम्ही घंट्या बांधत राहिलो. खूर झालं, दाढा झाल्या, शेपटीखालचं झालं. दर वेळी तोच क्रम: घंट्या, डॉक्टर, पाय, दात, शेपूट, गाजर.

आणि मे महिन्यात चमत्कार झाला. मी नुसती गळ्याची घंटा हातात घेतली आणि कोउमेने आपणहून पुढचा पाय उचलला!

"अहो, बघा बघा!" मी नवऱ्याला ओरडून बोलावलं. "कुणी सांगितलं नाही, काही नाही, आपली आपण पाय देते!"

पुढच्या खेपेला तिने पाय देऊन झाल्यावर तोंड उघडलं. आपणहून! त्याच्या पुढच्या खेपेला शेपूटसुद्धा बाजूला केली. इतकी सालस घोडी अख्ख्या इवाते प्रांतात नसेल!

डॉक्टर मात्र हनुवटी खाजवत उभे राहिले. "वहिनी, ही घंट्यांवरून काहीतरी शिकतेय बरं का."

"शिकू द्या की!" मी म्हणाले. "शिकवतेय कोण?"

ते गप्प बसले. माझ्यापुढे त्या दिवसांत सगळेच गप्प बसत होते. सासूबाई सोडून.

मिरवणुकीचा दिवस उजाडला. काय सुंदर दिवस होता! इवाते डोंगर स्वच्छ दिसत होता, शेतातल्या पाण्यात कोवळी रोपं उभी होती. सासूबाईंनी भाताचे गोळे करून बांधून दिले, सानाएला ओठ रंगवून, किमोनो घालून कोउमेवर बसवलं. मामंजी निळा डगला घालून आले. कमरेतून जरा वाकले होते, पण मी सांगते, त्या दिवशी ते नवरदेवासारखे दिसत होते! कासरा हातात घेतला आणि या वेळी त्याच्या दुसऱ्या टोकाला कोउमे होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

देवळापर्यंत घंट्या पिशवीत नेल्या होत्या. साज तिथेच चढवायचा, अशी आमच्याकडे रीत. एकेक घंटी बांधली. देवाला नमस्कार केला. भटजींनी फांदी हलवून सगळ्या घोड्यांवर मंत्र म्हटले. ओइकावासाहेबांनी हात वर केला. चला!

सगळे घोडे निघाले. चागु चागु, चागु चागु!

कोउमेने पुढचा पाय उचलला. आणि तसाच धरून ठेवला.

"चल गं बाई," मामंजी म्हणाले.

कोउमे पाय धरून उभी. मान वळवून गर्दीत कुणाला तरी शोधतेय!

मला कळलं! त्या क्षणी सगळं कळलं! सणाच्या नावाखाली डॉक्टर खपवायला गेले होते मी, आणि हिने सणाचाच डॉक्टर करून टाकला होता! आता घंट्या म्हणजे गाजर नाही, कौतुक नाही. घंट्या म्हणजे तपासणी! आणि बिचारी किती शहाणी, तपासणीला तयार उभी!

"तोकुजी! अरे, तुझी घोडी लंगडतेय!" ओइकावासाहेब धावत आले. मागचे घोडे तुंबले होते.

"लंगडत नाही, पाय देतेय," मामंजी म्हणाले.

"कुणाला?"

याचं उत्तर द्यायच्या आत कोउमेने भटजींकडे वळून भलंमोठं तोंड उघडलं. पिवळे दात, जीभ, सगळं! भटजी फांदीसकट मागे सरकले. शहरातून आलेल्या पाहुण्यांनी कॅमेरे वर केले.

"चावायला बघतेय!" कुणीतरी ओरडलं.

"नाही हो, दाढा दाखवतेय!" मी ओरडले.

"लंगडी आणि वर चावरी!" ओइकावासाहेब लालबुंद झाले. "हे बघ तोकुजी, तुझ्याबद्दल मला आदर आहे. पण ही घोडी रांगेतून बाहेर काढ. पोरांच्या जिवाशी खेळ नको."

मामंजींनी कासरा आखडून धरला. मला आदल्या वर्षीचा तो रस्ता आठवला. या खेपेला घोडी नव्हती आडवी आली, मी आले होते! मी गर्दीत घुसले. "डॉक्टर! डॉक्टर शिदा!"

डॉक्टर सापडले साकेच्या मंडपात. सुटीचा दिवस, अंगात चांगला किमोनो, डोक्यावर गवती टोपी, हातात पेला. "वहिनी! या, या!"

"डॉक्टर, चला! कोउमे तुमच्यासाठी थांबलीय!"

"माझ्यासाठी?" डॉक्टरांचे डोळे भरून आले. दोन पेले झालेले असणार. "आजवर मी येतोय म्हटल्यावर थांबलेली ही पहिलीच घोडी!"

ओढतच आणलं त्यांना. त्यांना बघितल्यावर कोउमेने असा सुस्कारा टाकला, की आलात एकदाचे! मग सगळ्या लोकांच्या, भटजींच्या, कॅमेऱ्यांच्या देखत डॉक्टर शिदांनी किमोनोच्या बाह्या सारल्या. खूर ठोकून बघितलं. ठीक! कोउमेने पाय खाली ठेवला. दाढांवरून बोट फिरवलं. ठीक! तोंड मिटलं. मग डॉक्टरांनी दमून पेल्याकडे बघितलं.

वरून सानाए गावभर ऐकू जाईल अशी ओरडली, "डॉक्टरकाका, शेपूट राहिली!"

शेपूटही झाली. काय करणार? सगळी माणसं हसून हसून वाकली, ओइकावासाहेबांच्या मिशासुद्धा हलल्या. मी किमोनोच्या बाहीतून गाजर काढून दिलं. कोउमे गाजर चावत चालायला लागली!

"डॉक्टर सांगत असतील ठीक, तर ठीक," ओइकावासाहेब म्हणाले. "पण सगळ्यांच्या मागे राहायचं!"

सगळ्यांच्या मागे! आमच्या घराचं घोडं कायम पुढच्या रांगेत चाललेलं. मी मान खाली घातली. पण तेवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! देवळापुढच्या मोठ्या झाडापाशी रस्ता चढाला लागला, घंट्या जोरात वाजल्या, आणि कोउमे थांबली. पाय वर!

"डॉक्टर!" मी मागे वळून हाक मारली. ते परत मंडपाच्या वाटेला लागले होते.

मग ते आमच्याबरोबरच निघाले. काय बिचारे! शहरापर्यंत! दर थोड्या वेळाने कोउमे थांबणार, डॉक्टर वाकणार, पाय, दात, शेपूट, ठीक आहे, चला. पुलापाशी थांबली, शाळेपाशी थांबली, भाताच्या गिरणीपाशी थांबली. लोक आपापल्या दारांतून बघत होते. एक आजी मला म्हणाल्या, "कोण गं ही? मोठ्या घरची दिसते. डॉक्टर बरोबर घेऊन फिरते!"

दर थांब्याला मी मामंजींची माफी मागत होते. ते रस्त्याच्या कडेला दगड दिसला की त्यावर टेकायचे, घाम पुसायचे आणि डॉक्टरांचं होईपर्यंत डोंगराकडे बघत बसायचे. मला वाटलं, लाजेने माझ्याकडे बघत नाहीत. गिरणीपाशी तर मी रडलेच. "मामंजी, तुमची सगळी मिरवणूक घालवली मी!"

"चल, झालं डॉक्टरांचं," एवढंच म्हणाले आणि कासरा धरून उठले.

पुढचे घोडे कधीच दिसेनासे झाले होते. त्यांच्या घंट्याही ऐकू येईनाशा झाल्या. त्या भल्यामोठ्या रस्त्यावर आमचंच एकटं चागु चागु चाललं होतं. पुढे मामंजी, मग कोउमे, वर पेंगणारी सानाए, बाजूला डॉक्टर आणि मागे मी. दोन्हीकडे पाण्यात डोंगर उलटा पडलेला. तेव्हा मी शरमेने अर्धी झाले होते. आणि आज वाटतं, तो रस्ता संपायलाच नको होता.

आम्ही शहरात पोचलो तेव्हा पाहुणे निघून गेले होते, मंडप सोडत होते. ओइकावासाहेब तेवढे वाट बघत थांबले होते. त्यांनी टोपी काढली आणि मामंजींना वाकून नमस्कार केला. मामंजींनीही केला. कोउमेने पाय दिला.

रात्री घरी मामंजी कढत पाण्यात पाय सोडून बसले होते. गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले होते. सासूबाई न बोलता तेल चोळत होत्या, आणि त्यांचं न बोलणं मला जास्त लागत होतं.

"मामंजी," मी म्हणाले, "चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"दहा वेळा थांबावं लागलं तुम्हाला. सगळ्यांच्या मागे."

मामंजींनी डोळे मिटून घेतले. "पोरी, न थांबता मी पुलापर्यंतसुद्धा पोचलो नसतो. वर्षभर मनात तीच भीती होती. सगळ्यांसमोर घोडं थांबवून म्हातारा बसला असता, तर काय तोंड दाखवलं असतं? कोउमे थांबली, म्हणून मला बसता आलं." मग पाण्यातले पाय हलवत म्हणाले, "पूर्ण चाललो बघ. शेवटपर्यंत."

खरं तर तिथे गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव!

"मामंजी," मी म्हणाले, "मनात माझ्या पहिल्यापासून हेच होतं!"

"असेल, असेल," मामंजी पुटपुटले आणि बसल्या बसल्याच त्यांना झोप लागली.

सासूबाई मात्र जाग्या होत्या.